हिरवं कडं

या, असे जरा पुढे सरकून बसा. मागच्या रांगेत कोणी उभं असेल त्यांनाही जागा करून द्या. आजची गोष्ट देवादिकांची नाही आणि राजेरजवाड्यांचीही नाही. दोन शाळकरी पोरींची आहे, आणि थोड्या पुढच्या काळातली आहे. आपली नातवंडं शाळेत जातील तेव्हाची. ऐकताना ती कालचीच वाटली तर नवल मानू नका. भगवंताने दिलेले कान तेवढे उघडे ठेवा, म्हणजे झालं.

कृष्णाकाठच्या त्या गावात सकाळची प्रार्थना संपली की आठवीचे जगदाळे सर मुलांच्या तोंडाकडे बघण्याआधी भिंतीकडे बघत. भिंतीवर काचेचा एक फलक होता आणि त्यावर वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक ठिपका. ठिपका हिरवा म्हणजे मूल शांत. पिवळा म्हणजे काहीतरी बिनसलंय. लाल म्हणजे खवळलंय, नाहीतर घाबरलंय. भिंतीला हे कळायचं ते मुलांच्या मनगटावरच्या कड्यांमुळे. शांतिकडं म्हणत त्याला. रबरासारखं मऊ. नाडी किती वेगाने पळतेय, कातडीला घाम किती सुटलाय, आवाज किती चढलाय, एवढ्यावरून ते मनाचा पारा मोजायचं आणि त्या त्या रंगाने उजळायचं.

वाईट हेतूने आलं नव्हतं हो ते. पूर्वी शाळाशाळांतून फार मारामाऱ्या झाल्या होत्या, पोरांची डोकी फुटली होती. कडी आली आणि हाणामारी बंद झाली, शिवीगाळ बंद झाली. कडं लाल झालं की ते मनगटावर गुणगुणायला लागायचं, आणि त्या मुलाने निमूटपणे उठून 'विसावा' नावाच्या खोलीत जायचं, रंग उतरेपर्यंत तिथे बसायचं. ज्याचं कडं वारंवार लाल होईल त्याला घरशाळा लागायची. म्हणजे शाळेत यायचं नाही, घरी पडद्यासमोर बसून शिकायचं. मुलाच्याच भल्यासाठी, असं नियमातच लिहिलेलं होतं.

या वर्गात केतकी गुरव नावाची मुलगी होती. तिचे वडील, विष्णुपंत, गावोगाव कीर्तनं करत. केतकी पाचव्या वर्षापासून त्यांच्यामागे टाळ घेऊन उभी राहायची आणि झील धरायची. बुवा कथेत रंगले, दम घ्यायला थांबले, की मागच्यांनी ध्रुपद उचलायचं, सूर पडू द्यायचा नाही, आणि बुवा पुन्हा सुरू झाले की आपण खाली यायचं. त्याला श्वास लांब लागतो आणि मन थंड लागतं. केतकीचा ठिपका कधी पिवळासुद्धा झालेला कोणी पाहिला नव्हता.

जूनमध्ये तिच्या बाकावर उर्वी ढोणे आली. आई सरकारी दवाखान्यात नर्स. यवतमाळकडून बदली होऊन दोघीच मायलेकी आलेल्या. उर्वीची बोली वऱ्हाडी. पहिल्याच दिवशी तिने सरांना "काऊन?", म्हणजे का, असं विचारलं आणि मागून श्रेयसी इनामदारने कावळ्याचा आवाज काढला. सगळा वर्ग खिदळला. उर्वीचा चेहरा उतरला, पण कड्याने तो चढलेला आवाज टिपला, श्रेयसीचं कडं लाल झालं आणि तिला विसाव्यात जावं लागलं. तिच्या घरी निरोप गेला. इनामदारांच्या घरात असा निरोप कधी आला नव्हता.

त्या दिवसापासून श्रेयसी उर्वीला पाण्यात पाहू लागली. पण पोर हुशार. कड्याला काय कळतं आणि काय कळत नाही, हे तिने ओळखलं. तिने वर्गाला एक खेळ दिला. उर्वी म्हणजे हवा. हवा दिसत नाही, हवेला उत्तर द्यायचं नाही. उर्वी बाकावर बसली की पुढचे दोघं हळूच उठून दुसरीकडे जात. तिने डबा पुढे केला की हात तिच्या डब्यावरून पलीकडच्या डब्याकडे जात. तिने काही विचारलं की कोणीतरी गोड आवाजात म्हणे, "पंखा वाजला का गं?" ना शिवी, ना धक्का. सगळ्यांची कडी हिरवीगार. आपल्या पूर्वजांना गावाने वाळीत टाकणं माहीत होतं. या लेकरांना तो शब्द माहीत नव्हता, तरी हात बरोबर तिथेच गेला.

लाल व्हायचं ते एकट्या उर्वीचं कडं. रडू दाबताना नाडी पळायची, कडं गुणगुणायचं, आणि ती मान खाली घालून विसाव्याकडे निघायची. मुलं वाटेतून बाजूला होत, अगदी सभ्यपणे.

केतकी जगदाळे सरांकडे गेली. सर माणूस मायाळू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग फलकावर बोट फिरवून त्या आठवड्याची नोंद काढली. वर्ग हिरवा, उर्वी लाल. त्यांनी वर्गालाही विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, आमचं कोणाचं तिच्याशी भांडण नाही सर. आणि ते खोटंही नव्हतं. सरांनी केतकीला समजावलं की नवीन जागा आहे, रुळायला वेळ लागतो, तू आहेस ना तिच्यासोबत. शेवटी हळूच म्हणाले की आणखी असंच चाललं तर घरशाळा लावावी लागेल, माझ्या हातात नाही.

उर्वीला हे कळलं तेव्हा ती शाळेच्या नळावर हात धूत होती. पाणी वाहतच राहिलं.

"आईची ड्युटी कधी दिवसा, कधी रात्री," ती म्हणाली. "दिवसभर मी आन् पडदा. पडद्याले काय सांगू मी? इथं निदान तू बोलतेस माह्याशी."

केतकीने त्या रात्री अंथरुणात पडून खूप विचार केला. श्रेयसीला चार शब्द सुनवावेत तर आपणच लाल होऊ, विसाव्यात जाऊ, आणि उर्वी वर्गात एकटी उरेल. हात उचलणं तर तिच्या स्वभावातच नव्हतं. मग जे तिला येत होतं तेच तिला सुचलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने उर्वीला झील शिकवायला घेतली. आवाज न काढता. बाकाखाली हात हातात घ्यायचा, मनातल्या मनात खालचा षड्ज लावायचा, श्वास बेंबीपासून घ्यायचा आणि दोरा सोडावा तसा हळूहळू सोडायचा. कोणी काही म्हणालं तर म्हणू दे. आपला सूर आपल्यापाशी. सुरुवातीला जमेना. मग कडं पिवळ्यावर थांबायला लागलं. गणपतीच्या सुट्टीनंतर मात्र उर्वीचं कडं हिरवं राहायला लागलं. पोरी मधल्या सुट्टीत मनगटाला मनगट लावून रंग जुळवून बघत आणि हसत. जगदाळे सरांनी वर्गासमोर तिचं कौतुक केलं. घरशाळेचं नाव निघेनासं झालं. केतकीने घरी देवाला साखर ठेवली.

खेळ मात्र थांबला नव्हता. उलट हवेला आता त्रासही होत नाही म्हटल्यावर तो अधिक निर्धास्त झाला.

मार्गशीर्षात विष्णुपंतांचं कोळ्याच्या वाडीला कीर्तन होतं, टाळकरी कमी पडले म्हणून केतकी त्यांच्यासोबत गेली. नेमका त्याच दिवशी शाळेत आगीचा सराव झाला. घंटा वाजली की वर्ग रिकामा करून मैदानात रांग लावायची आणि वर्गप्रमुखाने माणसं पुरी असल्याचं सांगायचं. वर्गप्रमुख श्रेयसी. उर्वी तेव्हा प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत परीक्षानळ्या ठेवायला गेली होती. घंटेसरशी ते जाड लोखंडी दार आपोआप मिटलं. आग आत येऊ नये म्हणून ते तसंच केलेलं होतं. मैदानात श्रेयसीने सांगितलं, पुरे आहेत. कोणी कसं म्हणणार की एक कमी आहे? हवा कमी आहे, असं कोणी म्हणतं का?

खोलीत अंधार, वारा नाही, जाड दारातून आवाज बाहेर जात नाही. कडं अशा वेळी मदतीला धावणारच होतं. कडं घातलेलं मूल फार घाबरलं, नाडी भडकली, की ते कार्यालयात घंटा वाजवतं. पण लाल झालं तर घरशाळा लागेल, या धाकाने उर्वीने भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले आणि केतकीने शिकवलेला श्वास धरला. कडं हिरवं राहिलं. शाळा सुटली, बसगाड्या गेल्या, संध्याकाळ झाली. आईने घरून फोन केल्यावर शोधाशोध झाली. दार उघडलं तेव्हा पोर घामाने निथळत बसलेली होती. ओठ निळसर. मनगटावर हिरवा उजेड.

आई दुसऱ्या दिवशी गणवेशातच शाळेत आली. मुख्याध्यापिका कर्णिकबाईंनी समिती बसवली. केतकीला साक्षीला बोलावलं. टेबलाशी जगदाळे सर होते, श्रेयसीच्या पालकांच्या वतीने एक वकील होते, आणि समोर उर्वीची गणपतीनंतरची नोंद उलगडलेली होती: महिनोन् महिने हिरवा रंग, आणि त्या दिवशीची संध्याकाळही हिरवी. वकिलांनी अगदी सौम्यपणे विचारलं, ज्या मुलीला भीती वाटली नाही, जिला एवढ्या काळात दुःख झाल्याचं दिसत नाही, तिचा छळ झाला असं म्हणायचं कसं? ती आपणहून आत बसली नसेल कशावरून?

आई म्हणाली, "माही पोर शांत दिसते म्हणून तिले काही झालंच नाई काय?" तिचा आवाज चढला तसं कर्णिकबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग केतकी बोलली. सवयीप्रमाणे शांत सुरात. हवेचा खेळ सांगितला, डब्यांचं सांगितलं, आणि शेवटी श्वासाचं सांगितलं: तो हिरवा रंग उर्वीचा नाही, मी शिकवलाय तिला. बाईंनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. म्हणाल्या, तू स्वतः किती छान शांत आहेस बघ. इतकं वाईट घडलं असतं तर तुला एवढ्या शांतपणे सांगता आलं असतं का?

तेव्हा केतकीच्या आत काहीतरी तुटलं. इतकी वर्षं खाली दाबलेला सूर एकदम वर आला. तिचं कडं पिवळं झालं, मग लालभडक, आणि गुणगुणायला लागलं. ती म्हणत होती की सर, तुम्हाला मी आधीच सांगितलं होतं, तुम्ही भिंतीकडे बघितलंत, तिच्याकडे नाही. पण वकिलांनी नियमाचं कलम वाचलं. लाल झालेल्या मुलाचं बोलणं नोंदवून घ्यायचं नाही. त्याने आधी विसाव्यात जायचं.

केतकीने कडं मनगटावरून ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं. ते विझून राखाडी झालं.

"हिरव्यात सांगितलं तर दुःख नाही म्हणता. लालमध्ये सांगितलं तर ऐकायचं नाही म्हणता. आता रंगच नाही सर. आता तरी ऐकता का?"

जगदाळे सर कितीतरी वेळ त्या राखाडी कड्याकडेच बघत राहिले. त्यांना बहुधा खरंच कळेना, दुसरीकडे कुठे बघायचं ते.

निकाल कोणाच्याच विरुद्ध लागला नाही. श्रेयसीकडून वर्गप्रमुखपद काढून घेतलं, 'गणनेतील चूक' म्हणून. आणि उर्वीला घरशाळा लागली. तिच्या सुरक्षिततेसाठी. आईने पुन्हा बदलीचा अर्ज केला आहे.

केतकीने कडं परत घातलं नाही. कडं नाही म्हणून वर्गात प्रवेश नाही. म्हणून ती रोज शाळेत येते आणि वर्गाबाहेरच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसते. घोषणा नाही, उपोषण नाही, कोणाला वाईट शब्द नाही. विचारलं तर एवढंच सांगते: उर्वीला परत बोलवा, आणि वर्गाला विचाराल तेव्हा तोंडाकडे बघून विचारा. मुलं तिच्या बाजूने पाय वाचवत आत जातात. आता तीही हवा झाली आहे.

विष्णुपंत एकदा दुपारचा डबा घेऊन आले आणि तिच्याशेजारी बसले. घरी चल म्हणायला आले होते, पण म्हणवलं नाही.

"मी पुढे उभा राहतो केतके," ते म्हणाले, "पण माझ्यामागे चौघं असतात गं. तुझ्यामागे कोण आहे?"

केतकीने भाकरीचा तुकडा मोडला आणि अर्धा वडिलांना दिला.

संध्याकाळी ती उर्वीला फोन लावते. पहिल्यांदा उर्वी भरभरून बोलायची. हल्ली 'हो' आणि 'बरं' एवढंच. घरच्या पडद्यावर तिचा ठिपका हिरवाच असतो. तिकडचे शिक्षक तिच्यावर खूश आहेत. आपण दिलेला श्वास परत कसा मागायचा, हे केतकीला कळत नाही.

काल एवढंच झालं की मीनल सुतार, जी श्रेयसीच्या बाकावर बसते, ती तास चालू असताना उठली आणि बाहेर आली. तिचं कडं लालभडक होऊन गुणगुणत होतं. विसाव्याची खोली डावीकडे. ती डावीकडे वळली नाही. पायरीवर केतकीच्या शेजारी बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागली. केतकीने तिचा हात धरला, पण या वेळी श्वास शिकवला नाही. रडू दिलं.

जगदाळे सर उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. नियमाने त्यांनी मीनलला विसाव्यात धाडायला हवं. पाठीमागे फलक, पुढे दोन पोरी. ते काय करतील? त्यांच्या जागी तुम्ही असता, तर तुम्ही काय केलं असतं?

असो. एवढं मात्र करा. आज रात्री देवापुढे हात जोडाल, लेकराबाळांची नावं घेऊन त्यांना सुखी ठेव म्हणाल, तेव्हा त्यांच्यात आणखी एक नाव घ्या. उर्वी ढोणे. ती आत्ता एका खोलीत पडद्यासमोर अगदी शांत बसली आहे. तिची आठवण ठेवा.