उंटाच्या नावातली रेघ

"बुरुल, पाकीट तू घरी नेलंस का गं?"

भूमितीचा तास चालू होता. बुरुलने फोन बाकाखाली धरला होता आणि पलीकडून ताजीगुल एजेचा, म्हणजे ताजीगुलताईचा, आवाज रडवेला येत होता.

"नाही एजे. कपाटात आहे. मधल्या खणात."

"मधल्या खणात फक्त धूळ आहे!"

बुरुल उठली. बाईंनी "कुठे निघालीस?" विचारेपर्यंत ती जिन्यात होती.

पाकिटात बहात्तर चित्रं होती. पेन्सिलीची, एकेका कागदावर एकेक, आणि प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा केसभर वेगळं. तीन महिने शाळा सुटली की तिने दुसरं काही केलं नव्हतं. 'पांढरा उंट' या सिनेमाच्या नावाची पाटी त्या चित्रांतून हलायची होती.

किर्गिझमध्ये उंटाच्या नावात दोन सारखी अक्षरं शेजारी शेजारी येतात. ओसारखी गोल, पण पोटातून आडवी रेघ गेलेली. रेघा काढून टाकल्या की वाचताना उंटाचा डोंगर होतो, एवढी त्या रेघांची किंमत! बुरुलच्या चित्रांत ही दोन गोल अक्षरं हळूहळू फुगत जातात आणि त्यांची दोन वशिंडं होतात. रेघा म्हणजे त्यांवरून आवळलेला दोर. शेवटी खाली नाव येणार होतं: अक्षरं, बुरुल चोकोएवा.

ते नाव आज दुपारी चारला, बिश्केकच्या मोठ्या थिएटरात, महोत्सवाच्या पडद्यावर दिसणार होतं. चित्रं सापडली तर.

हा सिनेमा बनवणारा स्टुडिओ बेकरीच्या वरच्या मजल्यावर होता. ती धापा टाकत पोचली तेव्हा अकरा वाजत आले होते. ताजीगुल एजे, जी चित्रांना रंग द्यायची, तिसऱ्यांदा तेच कपाट उपसत होती. दिग्दर्शक सापार बायके, बायके म्हणजे थोरले दादा, टकलावरून हात फिरवत येरझाऱ्या घालत होते. कोपऱ्यात एर्मेक बायके कानांवर हेडफोन लावून कॉम्प्युटरवर वाकलेले. स्टुडिओची सगळी छापील अक्षरं तेच लावायचे.

"पोरी, चौकशी करत बसायला वेळ नाही," सापार बायके म्हणाले.

"म्हणूनच पटापट करते. काल आधी कोण गेलं?"

"मी आणि एजे. पाचला."

"आणि एर्मेक बायके?"

एर्मेकनी एक कान मोकळा केला. "साडेपाचला. तुला 'चल' म्हटलं तर तू म्हणालीस, थोडं काम आहे. शेवटची तूच होतीस ना?"

"हो. सातला निघाले. दार ओढलं की आपोआप लागतं. त्याआधी कपाट लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली."

"खिळा सगळ्या जगाला ठाऊक आहे," एजे पुटपुटली.

"दाराच्या किल्ल्या कुणाकडे?"

"आम्हा तिघांकडे."

"सकाळी पहिलं कोण आलं?"

"मी, आठला. कपाट सताड उघडं! लगेच दोघांना फोन केले. तुला नाही केला, म्हटलं शाळेत असशील, त्याआधी इथेच सापडेल." एजेने नाक पुसलं. "खालचे राखणदार आजोबा म्हणतात, कुणीच आलं नाही. पण साडेसातला ते नान आणायला बेकरीत जातात आणि तिथे गप्पा मारत बसतात."

म्हणजे अर्धा तास खालचं दार मोकळं. आणि वरचं कुलूप तोडलेलं नव्हतं. बाहेरचं कुणी नव्हतं.

"एजे, काल पाचला तुमच्या हातात कागदांचं बोचकं होतं."

"रद्दी होती गं! बेकरीवाल्याला बांधायला लागते."

"बघून येते."

"माझ्यावर संशय? मी तुला चहा पाजते, तळलेले बोर्सोक खाऊ घालते..."

"तुमच्यावर नाही, रद्दीवर."

ती खाली धावली. रद्दीचा गठ्ठा भट्टीजवळ पडला होता. तिने तो पानन् पान उलटला. फसलेले उंट, जुनी बिलं, कुणाची तरी शब्दकोडी. तिचं एकही चित्र नाही. आणि असणार तरी कसं? पाचला रद्दी गेली, सातला तिने स्वतः पाकीट खणात ठेवलं. आपण घाबरून अक्कल गहाण टाकलीय, असं स्वतःलाच सुनावत ती वर आली.

वर सगळे एर्मेकच्या खुर्चीमागे उभे होते.

"रडून काय होणार होतं?" एर्मेक म्हणत होते. "नऊला बसलो, आत्ता झालं. अगदी नवं आहे. बघा."

पडदा काळा झाला. धारदार, चकचकीत अक्षरं दोन्ही बाजूंनी सुसाटत आली, एकमेकांवर आदळली, थरथरली आणि 'पांढरा उंट' होऊन उभी राहिली. शेवटी दोन गोल अक्षरं. त्यांच्या पोटातला दोर डावीकडे सैल झुकलेला.

"वा!" सापार बायकेंचा जीव भांड्यात पडला. "वाचलो! हेच लावू."

एजेनेही टाळ्या वाजवल्या. मग बुरुलकडे बघून थांबली.

बुरुल पडद्याकडे टक लावून बघत होती. कान तापले होते. पण आवाज, तिचं तिलाच नवल वाटलं, अगदी शांत निघाला.

"एर्मेक बायके, हा फॉन्ट कुठला?"

"जर्मनीहून आणवलाय. तुला नाही कळायचं."

"गोल अक्षरही त्यातलंच?"

"मग काय आकाशातून पडलं?"

"टाइप करून दाखवा ना. उंट."

"पोरी, वेळ..." सापार बायके म्हणाले.

"एक शब्द, बायके. तीनच अक्षरं."

एर्मेक हलले नाहीत. मग बुरुलच पुढे झाली, तोच फॉन्ट निवडला आणि शब्द टाइप केला. पहिलं अक्षर ऐटीत उमटलं. पुढच्या दोन अक्षरांच्या जागी दोन रिकामे चौकोन आले.

एजे फिसकन हसली. परदेशी फॉन्टांनी आपल्या जास्तीच्या अक्षरांचे चौकोन केलेले तिने जन्मभर पाहिले होते.

"बरं, नाही त्यात," एर्मेक म्हणाले. "साधा ओ घेतला, त्यावर रेघ मारली. सगळेच करतात. गुन्हा आहे?"

"नाही. पण रेघ वाकडी का?"

"सुचली. छान दिसते."

"एजे, तुम्ही माझ्या शेवटच्या चित्राची प्रत रंगवून पाहिली होती. त्यात रेघ कशी होती?"

"सरळ. पट्टीने मारल्यासारखी."

"काल पाचपर्यंत सगळ्यांनी सरळच पाहिली. तुम्ही गेल्यावर मला वाटलं, हा दोर नाही, हा तर कमरेचा पट्टा. म्हणून सहाला मी शेवटच्या कागदावरच्या दोन्ही रेघा पुसल्या आणि डावीकडे झुकवल्या. ते बघायला मी आणि माझं रबर, एवढेच होतो."

"योगायोग," एर्मेक म्हणाले. पण हेडफोन त्यांनी गळ्यातून काढून ठेवला.

"असेल. जरा मोठं करते."

तिने चित्र वाढवलं. दुप्पट. दहापट. चकचकीत अक्षरं काठापर्यंत गुळगुळीत राहिली. फक्त ती दोन गोल अक्षरं खरखरीत होत गेली, पेन्सिलीच्या शिशाच्या कणांसारखी. आणखी वाढवलं. झुकलेल्या रेघेच्या जरा वर, फिकट राखाडी, पट्टीने मारल्यासारखी सरळ, एक दुसरी रेघ होती.

सापार बायके पडद्याजवळ वाकले.

"रबराने पुसलेली रेघ," बुरुल म्हणाली. "कॉम्प्युटरवर नव्याने मारलेल्या अक्षरात ही कुठून आली, बायके? साडेसातला आजोबा नान आणायला गेले, तेव्हा तुम्ही वर आलात आणि पाकीट काढलंत. चित्रं नाहीत म्हटल्यावर तुमचीच पाटी लागणार होती. नऊला बसलात हे खरं. पण शब्द टाइप केलात तर चौकोन आले. घाईत नीट अक्षर घडवायला वेळ नव्हता, आणि समोर माझं तयार होतं, तेच स्कॅन करून चिकटवलंत. तुमच्याकडे सगळं होतं. हे एक अक्षर नव्हतं."

सापार बायके हळूच म्हणाले, "एर्मेक?"

एर्मेक उठले. दारामागे त्यांची मोठी चित्रफळी कापडी खोळीत उभी होती. खोळीची चेन उघडून त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"फाडलं नाहीये," ते म्हणाले. "उद्या परत ठेवणार होतो. अकरा वर्षं इथे अक्षरं लावतोय, सापार. आज सगळे विचारणार, पाटी कुणाची? आणि तू सांगणार, दहावीतल्या मुलीची! मग मी कोण?"

बुरुलने कागद मोजले. बहात्तर.

सापार बायकेंनी घसा खाकरला. "हे बघा. झालं ते झालं. घरातलं घरात राहू दे. दोघांची नावं टाकू. एर्मेक मोठा आहे, आधी त्याचं, खाली तुझं. काय पोरी?"

"नाही."

"अगं, मोठ्यांचा मान..."

"मान देते ना. 'बायके' म्हणतेच आहे अजून." तिने पाकीट छातीशी धरलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. "पण ही अक्षरं एकटीने काढलीत मी. खाली एकच नाव येईल. नाहीतर उंट माझ्याबरोबर घरी येईल आणि तुम्ही चारला ते दोन चौकोन दाखवा."

"धमकी देतेस?"

"हो."

एजेने तोंडावर ओढणी धरली. आत हसू होतं की रडू, कळेना.

"आणि शेवटी येणारी नावांची यादी एर्मेक बायकेंनी लावलीय," बुरुल म्हणाली. "तिथे त्यांचं नाव राहू दे. मी कुणाचं नाव चोरत नाही."

सापार बायकेंनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे. मग बाह्या सारल्या.

"ताजीगुल, दिवे लाव. कॅमेरा खाली घे. एकच नाव!"

एर्मेकनी कोट उचलला आणि दाराशी येऊन थांबले, कारण दारात अजून बुरुलच उभी होती.

"सरक. जातो मी."

"कुठे? बहात्तर कागद आहेत, तीनच्या आत संपवायचेत. कॅमेऱ्याखाली कागद बदलायला माणूस लागतो."

कोट खुर्चीवर पडला.

"आणि आधी हात धुऊन या, बायके," बुरुल म्हणाली. "कागद पांढरे आहेत."