शीतलच्या नावाचं मलम

नागपुरात सकाळी आठनंतर ऊन अंगावर घ्यायला बंदी झाली, त्याला आता एक पिढी उलटून गेली होती. ऊन नाही म्हणजे ड जीवनसत्त्व नाही, आणि ते नाही म्हणजे हाडांचे पापड. म्हणून अख्खं शहर आंघोळीनंतर पोटलीमलम चोळायचं. डोळ्यांना न दिसणाऱ्या, मेदाच्या पोटल्या. त्यांच्या पोटात जीवनसत्त्व. कातडीच्या पेशीची भिंतही मेदाचीच. मिसळीवरच्या तर्रीचे दोन ठिपके जवळ आले की एक होतात, तशी पोटली पेशीला टेकायची, तिच्यात मिसळायची आणि माल आत सोडायची. नंतर पोटलीचं काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. भाजी घरी आल्यावर पिशवीची चौकशी कोण करतं?

ती करायची वेळ रोशनराव खानझोडे, वीज खात्यातून निवृत्त, यांच्यावर आली. त्यांच्या पाठीच्या मध्यावर, जिथे आपला हात पोचत नाही तिथे, तळहाताएवढा लालभडक चट्टा उठला होता. डॉ. रेवा मेंढेंनी तो पाहिला, मग दंडाची कातडी यंत्राखाली धरली आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"काका, मलम कोणाच्या नावाचं लावता?"

"बायकोच्या. फॅमिली पॅक आहे ना! घरातल्या एकाच्या कातडीचा नमुना द्यायचा, त्यावरून सगळ्यांचं मलम. सवलत होती."

"मग तुमचा का नाही दिला?"

"त्या दिवशी मॅच होती."

"काकूंना घेऊन या एकदा."

"तिला जाऊन चार वर्षं झाली. मलम येतं अजून."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. नमुन्यापासून कंपनी वाढवते त्याला गृहमेद म्हणतात. एका माणसाचा मेद, घरादाराला पुरणारा. जीवनसत्त्व खर्च होतं, पोटलीची भिंत मात्र पेशीच्या भिंतीतच राहून जाते. रोज थोडी थोडी. मलम चालू असेपर्यंत नवी पेशीही तशीच भिंत बांधते.

"वरून तुम्ही जवळजवळ काकूच आहात. घाम त्यांचा, वास त्यांचा."

"आणि हा चट्टा?"

"तो तुम्ही. पाठीला मलम काकू लावून द्यायच्या ना? त्या गेल्या, तिथे कोणी लावलं नाही, म्हणून तेवढ्या जागेत तुम्ही परत उगवलात. शरीराला आता तुम्ही परके वाटता, काका. ते तुम्हाला बाहेर काढतंय."

"बाप्पा!"

"सोमवारी या. तुमचा नमुना घेऊ, तुमच्या नावाचं मलम करू. सहा महिन्यांत सगळं पूर्ववत."

"वाससुद्धा जाईल?"

"जाईलच ना."

"आणि नाही केलं तर?"

"चट्टा आत शिरेल. आत तर सगळे तुम्हीच आहात. काळीज, यकृत, सगळं. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

ओवीबद्दल ते तिथे बोलले नाहीत. मुलीने इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा त्यांनी तिला घरात पाय ठेवू नकोस म्हणून बजावलं होतं, आणि त्यांची तेवढी एकच गोष्ट तिने आयुष्यात ऐकली होती. शीतल गेल्यावर केव्हातरी ती आईच्या साड्या न्यायला आली. निघताना पाया पडायला वाकली आणि तशीच थबकली. मग बापाचं मनगट धरून तिने नाकाशी नेलं.

तेव्हापासून दर रविवारी. यायची, दिवाणावर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवायची, डोळे मिटायची. चहा घेतेस का, असं विचारलेलं तिला खपत नसे. खरं तर त्यांनी काहीच बोललेलं खपत नसे. रोशनराव खोकला गिळायला शिकले. मग त्यांनी मिशी काढली. त्या रविवारी ओवी अंधार पडेपर्यंत बसली.

या रविवारी तिला सांगून टाकायचं, असं ठरवून ते दिवाणावर बसले.

"ओवी, अगं..."

"शूऽऽ." तिने त्यांचा तळहात ओढून गालाखाली घेतला. "आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

कूलर घरघरत होता.

"तुझ्या शेवटच्या दिवशी मी आले होते गं दवाखान्यात. खाली पार्किंगमध्ये होते. वर बाबा बसलेले. म्हटलं, जेवायला घरी जातील, मग चढू. ते उठलेच नाहीत. दुपारभर उठले नाहीत. मग मावशीचा फोन आला."

त्या दुपारी शीतल सारखी दाराकडे पाहत होती. 'नर्स येईल गं आता,' असं रोशनराव तिला सांगत राहिले होते. तिचा हात सोडून जेवायला गेलो नाही, याचं चार वर्षं त्यांना केवढं समाधान होतं.

"माफ केलंस ना?" ओवी म्हणाली. "आणि बाबांना सांगू नकोस हं."

पाठीत निखारा ठेवल्यासारखी आग होत होती. उद्याचा सोमवार त्यांनी तिथल्या तिथे सोडून दिला. हात तिच्या केसांतून फिरू लागला. तो कोण फिरवतंय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तोंड मात्र त्यांनी घट्ट मिटून घेतलं. आवाज तेवढा अजून त्यांचाच होता.