चिंचेच्या पाण्यातल्या पुंगळ्या

ही गोष्ट मी रंगवून सांगत नाहीये. यात रंगवण्यासारखं काही नाहीच. असलंच तर घासून धुऊन काढावं असंच आहे सगळं.

माझी थोरली बहीण अपूर्वाताई कॅनडात बर्नाबीला राहते. हे घडलं तिच्याच घरात. मागच्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सुरू झालं. मी मॉन्ट्रियलला असते, पण नंतर महिनाभर तिच्याकडे राहून आले. शेवटचं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आधीचं ताईने सांगितलं, आणि ताईला थापा मारता येत नाहीत. खोटं बोलली की तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात.

तर आमचे जयदीपराव. ताईचे यजमान.

सॉफ्टवेअरवाला माणूस. कोथरूडच्या घरी अंडं शिजवायलासुद्धा वेगळं पातेलं. आणि कॅनडात येऊन महाशयांना शिकारीचा छंद लागला. परवाने काढले, कोर्स केले. मग कोणती रायफल घ्यायची यावर वर्षभर खल. लाकडी दस्ता की प्लॅस्टिकचा, नळी लांब की आखूड... "मला बघायला आला तेव्हा याने एवढं निरखून बघितलं नव्हतं," ताई म्हणायची.

शेवटी मेरिट गावाजवळ एका म्हाताऱ्या शिकाऱ्याची रायफल मिळाली. म्हातारा गेला होता. मुलगा ग्लेन सगळं विकत होता. रायफलीबरोबर त्याने काडतुसं भरायचं यंत्र दिलं आणि रिकाम्या पुंगळ्यांची एक बादली दिली.

गोळी झाडली की पितळेची पुंगळी मागे उरते. ती साफ करायची, बुडाला नवी टोपी, आत नवी दारू, तोंडाला नवी गोळी, की काडतूस पुन्हा तयार. जयदीपरावांना यातच खरी गोडी. शिकार राहिली बाजूला, बेसमेंटमध्ये बसून तासन्‌तास पुंगळ्या घासायच्या.

बादलीशेजारी कॉफीचा एक जुना डबाही होता. त्यातल्या पुंगळ्या काळ्याकुट्ट.

ग्लेन म्हणाला, "त्या भरू नका. डॅड त्या कधीच परत भरायचे नाहीत."

"का? फुटल्यात?"

"नाही. फक्त भरू नका."

चांगलं पितळ वाया घालवायचं? आमच्या रावांना ते कसं पचणार! डबा त्यांनी गुपचूप गाडीत टाकला.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ताईने देवाची भांडी चिंच-मिठाच्या पाण्यात भिजत घातली. समई, तांब्या, पळी, ताम्हन. दरवर्षीचं काम. ती फोनवर बोलून परत आली तर त्याच टोपात... डब्यातल्या पुंगळ्या.

"अरे, काय केलंस हे!"

"अगं, पितळ ते पितळ. एकाच पाण्यात होऊन जाईल."

ताईने हात घालून तांब्या वर काढला.

पाणी कोमट होतं.

तिने तर गार पाणी घेतलं होतं.

आणि ते चिंचेचं वाटतही नव्हतं. दाट झालं होतं. वर चरबीचा तवंग. तांब्याच्या काठाला आखूड, तपकिरी केस चिकटलेले. वास असा, की खाटकाच्या दुकानामागची मोरी तुंबावी.

ताई सिंकमध्ये भडाभडा ओकली.

"केमिकल रिअॅक्शन आहे," राव म्हणाले. शिकलेल्या माणसाला कशाची म्हणून किळस वाटत नाही!

ताईने ती भांडी तीनतीनदा घासली. पुंगळ्या मात्र सोन्यासारख्या निघाल्या. रात्रीत जयदीपने त्यांची काडतुसं करून टाकली. आणि दसऱ्याला बेसमेंटमध्ये शस्त्रपूजा मांडली. रायफल, काडतुसांची रांग, वर झेंडूची फुलं. एकेका काडतुसाला हळदकुंकू, अक्षता. साग्रसंगीत.

"मेलेल्यांना अक्षता देऊन घरात बोलावलं गं आम्ही," ताई नंतर मला म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आवाज सुरू झाला.

बेसमेंटमधून... श्वासाचा. ओला, जड. मध्येच थांबायचा. मग काहीतरी फरशीवर घासत सरकायचं... आणि पुन्हा श्वास.

घर तापवणारा फर्नेस असेल, जयदीप म्हणाला. फर्नेसवाला येऊन बघून गेला. काही नाही.

वास मात्र घरभर. ताईने धूप जाळला, कापूर जाळला, व्हिनेगरने फरशी पुसली. वास पोळीला यायचा. उशीला यायचा.

खाली जाऊन बघितलं तर काडतुसं ओली. पुसली तरी पुन्हा ओली. चिकट.

आणि ऊर्मी... ऊर्मी म्हणजे ताईची मुलगी, दुसरीत आहे. ती शाळेतून आली की बेसमेंटच्या जिन्यावर जाऊन बसायला लागली. खाणं सुटलं. मांडीवर हात ठेवून नुसती खाली बघत बसायची.

"ऊर्मी, इथे काय करतेयस?"

"आई, इट कान्ट गेट अप."

"कोण?"

"डाउनस्टेअर्स. त्याचं पोट ओपन आहे. समबडी शुड सिट विथ इट."

ताईने तिला उचलून वर आणलं. पोरीच्या तोंडाला तोच वास येत होता.

त्या रात्री ताई नवऱ्याला स्पष्ट म्हणाली, "ते सगळं घरातून काढ. माझी मुलगी त्या जिन्यावर सुकत चाललीये."

"या रविवारी शिकारीला जातोय. एकदाच वापरतो, मग सगळं विकून टाकतो. प्रॉमिस."

एकदाच! व्यसनी माणसाचं आणि छांदिष्टाचं तोंड सारखंच.

रविवारी पहाटेच तो मित्राबरोबर मेरिटकडे निघून गेला. दिवस उजाडला, दुपार झाली. खालचा आवाज थांबत नव्हता. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ताई ऊर्मीला वरणभात भरवत होती. खिडकीबाहेर अजून थोडा उजेड होता.

ऊर्मीने तोंडाजवळचा घास ढकलला.

"बाबा, डोन्ट!"

आणि पोट धरून खुर्चीवरून खाली कोसळली.

ताईने तिला जवळ घेतलं. पोरगी पाय झाडत होती. मग तिला उलटी झाली.

वरणभात नव्हता तो...

गवत होतं. चावून चावून लगदा केलेलं, हिरवंगार, ओलं गवत. त्यात झाडाची बारीक पानं. ताईच्या हातांवर, साडीवर, फरशीवर. ऊर्मी ओकतच राहिली. एवढंसं पोट, आणि त्यातून बादलीभर गवत.

मग एकदम शांत.

खालचा श्वासही बंद झाला होता.

ताई पोरीला घेऊन इमर्जन्सीला गेली. तपासण्या झाल्या. पोटात काही नाही, कुठे जखम नाही. मुलं काहीबाही खातात, डॉक्टर म्हणाले. घरी पाठवलं.

जयदीप आला तो रिकाम्या हातांनी. चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"हरीण होतं. लागली त्याला... पण पोटात लागली. झाडीत गेलं."

"मग? शोधलं नाहीस?"

"शोधलं ना. पाऊस लागला, अंधार पडत होता..."

"कधी मारलंस?"

त्याने सांगितलं. ऊर्मी खुर्चीवरून कोसळली, तीच वेळ.

आणि या माणसाने खिशातून रिकामी पुंगळी काढून ओट्यावर ठेवली. पोट फाटलेलं जनावर पावसात टाकून आला, पण पितळ तेवढं आठवणीने उचलून आणलं! मला हे आठवलं की आजही अन्न जात नाही.

पुंगळीखाली ओट्यावर ओलं डबकं झालं होतं.

ताईने ती पुसली. पुन्हा ओली झाली.

दोघं खाली गेली. उरलेली काडतुसं खडखडीत कोरडी होती. पुन्हा काळी पडलेली.

ताईने तिथूनच ग्लेनला फोन लावला. सगळं सांगितलं.

मग त्याने एवढंच विचारलं, "ती ओली आहे?"

"हो."

"म्हणजे ते अजून जिवंत आहे. डॅडच्या डब्यातल्या सगळ्या तसल्याच होत्या. ज्यांना गोळी लागली पण जी सापडली नाहीत, त्यांच्या. जनावर मेलं की पुंगळी सुकते. सुकली की डॅड ती डब्यात टाकायचे."

"माझी मुलगी..." ताई म्हणाली. "तुमच्या घरी कुणाला असं काही झालं होतं का?"



"मला एक धाकटा भाऊ होता," ग्लेन म्हणाला.

होता.

"त्याचं काय झालं? पुंगळी सुकली तेव्हा काय झालं?" ताई ओरडली.

फोन बंद झाला होता. नंतर त्याने तो कधी उचललाच नाही.

"आत्ता जा," ताई नवऱ्याला म्हणाली. "ते हरीण शोध. जिवंत सापडलं तर डॉक्टरकडे ने, खांद्यावर घेऊन ये, काही कर. पण मरू देऊ नकोस."

तो तसाच गेला. तेव्हापासून प्रत्येक शनिवार-रविवारी जातो. बर्फ पडलं तरी गेला. रायफल विकली, यंत्र भंगारात घातलं. वाळलेला, दाढी वाढलेला माणूस मेरिटच्या झाडीत वाकून वाकून पाऊलखुणा शोधत असतो. हरीण सापडलेलं नाही. त्याचं हाडही सापडलेलं नाही.

मी गेले तेव्हा ऊर्मी थोडंथोडं खात होती. शाळेतही जायची. फक्त चालता चालता मध्येच थांबायची, पोटावर हात ठेवायची. रात्री तिला कुशीत घेतलं की केसांना ओल्या गवताचा वास यायचा. मी तोंड फिरवायचे. सख्ख्या भाचीची किळस यावी, याची मला लाज वाटायची. पण यायची.

ती पुंगळी देवघराशेजारी बशीत ठेवलीये. मी स्वतः टिश्यूने पुसून बघितली. नजर वळवून परत पाहिलं...

ओली. आणि काठाला एक तपकिरी केस.

मी म्हटलं, "ताई, फेकून दे ही घाण!"

ताईने माझ्या हातातून ती हिसकावून घेतली. छातीशी धरली.

आता रोज सकाळी मी तिला मॉन्ट्रियलहून फोन करते. कशी आहेस वगैरे काही विचारत नाही.

"ओली?" मी विचारते.

"ओली," ताई म्हणते.

मग कुठे आम्ही दोघी चहा घेतो.

आज सकाळपासून तिने फोन उचललेला नाही.