शेवटची चकती

राडिम पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तेव्हा त्याच्या छत्रीतून टपटप पाणी गळत होतं आणि मी नुकतीच फरशी पुसून उभी राहिले होते.

"छत्री बाहेर!" मी ओरडले.

"तुम्ही गिऱ्हाइकाचं असंच स्वागत करता?"

"ओल्या गिऱ्हाइकाचं."

तो हसला. छत्री बाहेर ठेवून परत आला आणि म्हणाला, "मला स्वतःची काडतुसं भरायची आहेत. स्पर्धेसाठी. सगळ्यात चांगले डाय कोणते?"

मोराव्हियातल्या आमच्या या लहानशा गावात हा प्रश्न मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. बंदुका-काडतुसांचं दुकान बाबांचं, पण डाय म्हणजे काडतुसं घडवायचे साचे, ते ज्यावर बसवतात तो दांड्याचा प्रेस, भरणीचं सामान हे सगळं माझ्या ताब्यात.

"सगळ्यात चांगले असं काही नसतं. पिस्तुलाची नळी आणा, मग बोलू."

पुढच्या शनिवारी तो नळी घेऊन हजर. स्वच्छ रुमालात गुंडाळलेली! मी नमुन्याचं एक काडतूस, दारू नसलेलं, तिच्यात सोडलं. टक्. बोटानं फिरवलं, तर ते अडलं.

"लांबी जास्त होतेय. तुमच्या नळीला गोळी जरा खोल बसलेली हवी. प्रत्येक नळीचं मन वेगळं असतं."

"आणि तुम्हाला ते कळतं?"

"नळीचं कळतं," मी म्हणाले, आणि उगीचच कान गरम झाले.

मग डाय निवडायला बसलो. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी आवळून पुन्हा मापात आणणारा पहिला डाय मी कार्बाइडच्या कडीचा दिला, म्हणजे दरवेळी तेल लावत बसायला नको. गोळी बसवायचा एक आणि पुंगळीचं तोंड आवळायचा दुसरा असे दोन काढून ठेवले, तर तो अडून बसला.

"एकाच डायमध्ये दोन्ही कामं होतात म्हणे. दोन कशाला?"

"होतात की. पण गोळी खाली जात असतानाच तोंड आवळलं, तर ती सोलवटते. आधी नीट बसू द्यायचं... मग आवळायचं. घाई केली की दोन्ही बिघडतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी खोक्याची झाकणं उगीच उघडमिट करत बसले.

सगळं सामान त्यानं एकदम घेतलं नाही. एका शनिवारी पहिला डाय, दुसऱ्या शनिवारी दुसरा... प्रेसचा दांडा, दारू मोजून टाकणारं भांडं, सगळं एकेक करत. तो रेल्वेत सिग्नलवर काम करायचा. पाळीवरून उतरला की सरळ दुकानात, आईनं केलेली कोलाचं, म्हणजे आलुबुखार भरलेले गोड पाव, डब्यात घेऊन. सप्टेंबरभर हेच चाललं. शनिवारी सकाळी माझे केस जरा जास्तच नीट विंचरलेले असायचे.

"प्रेस घेतोय की तुला हप्त्याहप्त्यानं नेतोय हा?" बाबांनी एकदा विचारलं.

"बाबा, काहीतरीच काय!"

"कोलाचं मात्र चांगली आहेत हो." आणि त्यांनी तिसरं उचललं.

ऑक्टोबरात एकच वस्तू उरली. पुंगळ्या धरून प्रेसवर फिरणारी चकती. ती बसवली की प्रेस पूर्ण. मग तो कशाला येईल? आम्ही अजून एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत होतो. आमच्याकडे अहो-जाहो सोडायचं तर बाईनं आधी म्हणायचं असतं, आणि माझी जीभ दर शनिवारी टाळ्याला चिकटायची.

म्हणून मी जे केलं ते आजही सांगताना लाज वाटते. त्याच्या पिस्तुलाचं माप नऊ मिलिमीटर; त्या मापाच्या पाकिटात मी त्याच्याहून मोठ्या मापाची चकती घातली. दिसायला दोन्ही सारख्याच. पुंगळी हलेल, त्याला कळेल, पुढच्या शनिवारी बदलून घ्यायला येईल. आणखी एक शनिवार... एवढंच हवं होतं मला.

तो शनिवार आला. दुकानाची घंटी दहा वेळा वाजली, पण तो आला नाही.

रविवारी नेमबाजीच्या रेंजवर हंगामातली शेवटची स्पर्धा होती. आमच्या दुकानाचं टेबल तिथे असतंच, खेळाडूंना खायलाही आम्हीच वाढतो. धुकं होतं, भाजलेल्या क्लोबासा सॉसेजचा वास होता, आणि वेग मोजणाऱ्या यंत्रापाशी राडिम उभा होता. पंचानं त्याच्या पट्ट्यातली आठ काडतुसं घेतली, झाडली, आकडे पाहिले आणि मान हलवली.

"नियमात ठरलेला किमान जोर भरत नाही. हवं तर खेळा, पण गुण शून्य."

मी टेबल सोडून धावले.

"कुणाची काडतुसं होती ही?"

"मित्राची. त्याची नळी लांब आहे, तिच्यातून वेगानं जातात. माझ्या आखूड नळीतून..." त्यानं खांदे उडवले. "गुरुवारी प्रेस जुळवायला घेतला तर चकतीत पुंगळी हलायला लागली, भरताच येईना. काल दिवसपाळी होती. चूक माझीच. पाकीट बघितलं, चकतीवरचा आकडा बघितला नाही."

गप्प बसता आलं असतं. देवाशपथ, आलं असतं.

"चूक तुमची नाही. मीच चुकीची घातली. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"ती शेवटची वस्तू होती. त्यानंतर तुम्ही आला नसता... म्हणून."

त्यानं उरलेली काडतुसं एकेक करून पट्ट्यात परत खोचली. मग अगदी हळू म्हणाला, "या रविवारची मी दोन वर्षं वाट बघत होतो, ब्लांका. आज जमलं असतं तर राष्ट्रीय फेरीत गेलो असतो."

ओरडला असता तर बरं झालं असतं. तो वळला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. दिवसभर खेळला, शून्य गुणांसाठी, आणि इतकं सुंदर खेळला की पंचसुद्धा हळहळले. मी टेबलामागे उभी राहून मोहरीची चटणी वाढत होते आणि डोळे पुसत होते. धूर लागतोय म्हणून सांगितलं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी चिखलात गुडघे टेकून त्याच्या मित्राच्या पुंगळ्या वेचत बसले. बुडाशी लाल रेघ असलेल्या. परत तर करायला हव्या होत्या. शेजारी बूट येऊन थांबले.

मी खिशातून नऊ मिलिमीटरची चकती काढून त्याच्या हातावर ठेवली. "आकडा बघून घ्या."

त्यानं बघितला. खरंच, नीट वळवून बघितला.

"मी अजून रागावलोय."

"माहीत आहे. पण... माफ करून टाका ना."

"घाई करू नका," तो म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतंत. आधी नीट बसू द्यायचं."

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाबा कोलाचांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, यावरूनच समजा. मी मात्र केस विंचरत राहिले. सवय, दुसरं काय.

तिसऱ्या शनिवारी पाऊस होता. घंटी वाजली. त्यानं छत्री आधीच बाहेर ठेवली होती. हातात डबा.

"प्रेस कसा चाललाय?" माझा आवाज मला ओळखू येईना.

"छान. हजार काडतुसं भरली. सगळी नळीत टक् करून बसतात."

"मग... काय देऊ? डाय? स्प्रिंग? काही मोडलं का?"

"नाही."

"मग काय हवंय?"

"काही नको," राडिम म्हणाला. "सगळं आहे माझ्याकडे. तरी आलो."

बाबा खाकरले आणि कधी नव्हे ते आतल्या खोलीत काम शोधायला गेले. मी काउंटरच्या बाहेर आले. फरशी नुकतीच पुसली होती, त्याच्या बुटांचे ओले ठसे सरळ माझ्यापर्यंत आले होते, आणि मला काही म्हणजे काहीच बोलायचं नव्हतं त्यावर.

"बस ना, राडिम," मी म्हणाले. "कॉफी टाकते. तू साखर किती घेतोस?"