दादाला घरी बोलावलं, ती दौड

कोणाला घाबरवायला मी हे सांगत नाही. खोटं वाटलं तर वाटू द्या. मी स्वतः तिथे होतो.

मध्य प्रदेशातलं देवास, जानेवारी १९८७. रविवारची सकाळ. धुकं इतकं की टेकडीवरचं देऊळ दिसेना.

माझा मोठा भाऊ शालिग्राम, आमचा दादा, दारूने गेला त्याला वर्ष झालं होतं. व्यसनमुक्ती केंद्रासाठी आम्ही कारखान्यातल्यांनी दौड ठेवली. टेकडीभोवती पाच फेऱ्या. पुऱ्या करणाऱ्याच्या हातून केंद्राला एक खाट मिळणार. मला ती दादाच्या नावाने द्यायचीच होती.

दुसऱ्या फेरीत मागून आवाज आला...

फट्... फट्... कोणीतरी स्लिपर घासत येत होतं.

मी वळलो. रस्ता रिकामा.

दादा कामावरून माझ्यासोबतच निघायचा, असाच स्लिपर घासत. वाटेत कलाली लागायची, दारूचं दुकान. तिथे म्हणायचा, "तू हो पुढे, मी आलोच." मी पुढे व्हायचो. शेवटच्या दिवशीही झालो. ते मला फार लागून राहिलं होतं.

ती कलाली दौडीच्या रस्त्यावरच होती. बंद. तिच्यासमोर आलो आणि मागची पावलं थांबली...

तिसऱ्या फेरीत तेच. चौथीतही.

पाचव्या फेरीत मला राहवलं नाही. मी कलालीसमोर थांबलो.

मागून येणाऱ्या, कारखान्यातल्या दत्ताजीने विचारलं, "भिया, रुक क्यों गए?" मी हातानेच त्याला पुढे व्हायला खुणावलं. तो पुढे गेला.

आमच्यात मेलेल्या माणसाला घरी बोलवत नाहीत. मला ठाऊक होतं. तरी तोंडातून गेलं.

"दादा, आज मी थांबलोय. चल घरी."

फट्... फट्...

पावलं माझ्या बाजूने पुढे गेली. टेकडीकडे नाही. आमच्या गल्लीत वळली.

मी फेरी पुरी केली. खाट मिळाली. मन हलकं झालं, खोटं कशाला बोलू. आनंदातच घरी आलो.

दार आतून बंद होतं. भर सकाळी.

मी हाका मारल्या. खूप वेळाने सुमंगलावहिनीने, दादाच्या बायकोने, दार उघडलं. पोरीला पोटाशी धरलेलं. एक हात कानावर. दादा पिऊन आला की तिथेच मारायचा.

"भावजी, त्यांना तुम्ही आणलंत?"

मी तिच्या मागे घरात पाहिलं.

"वर्षभर आम्ही दोघी सुखाने झोपत होतो हो."

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन साताऱ्याला माहेरी गेली. मी अजून त्याच घरात राहतो. परत या, असं तिला लिहायला कितीदा बसलो. लिहवत नाही. तो घरातून गेलाय का, हे मला सांगता येत नाही.