कुजबुजीची परीक्षा

ध्वनिबंद खोलीचं दार जड होतं, म्हणून ती ते नेहमी खांद्याने ढकलायची. त्या दिवशी पलीकडून कुणीतरी नेमकं त्याच क्षणी ते ओढलं, आणि कान तपासणाऱ्या मॅडम हातातल्या हेडफोनसकट एका अनोळखी शर्टावर जाऊन आदळल्या.

"सॉरी मॅडम... माझा नंबर आला होता."

"नंबर आला असेल, मी कुठे बाहेर आले होते अजून?"

तो लाजला. चेहरा जागच्या जागी राहिला, कान मात्र लाल झाले. दिवसभर कानच बघणाऱ्या मुलीच्या नजरेतून ते कसं सुटणार?

सैन्यभरतीच्या धावण्यात तो सगळ्यांच्या पुढे होता. वैद्यकीय तपासणीत मात्र 'ऐकू कमी येतं' म्हणून अपात्र ठरला. अपील करायचं तर सरकारी दवाखान्याचा अहवाल हवा होता. तिने त्याला काचेआड बसवून बारीकातले बारीक आवाज ऐकवले. दोन्ही कान ठणठणीत!

"मग नापास कसे झालात?"

"पाठमोरं उभं केलं होतं. डॉक्टर लांबून कुजबुजणार, आपण ऐकलेलं म्हणून दाखवायचं. मला ऐकू आलं, 'भोपळा'." तो बुटांकडे बघत राहिला. "वाटलं, एवढा मोठा अधिकारी भोपळा कशाला म्हणेल? आपलंच चुकलं असेल. म्हणून गप्प बसलो. मग म्हणाले, 'झुरळ'..."

ती खळखळून हसली. तो हसला नाही.

"हसा. घरीही सगळे हसले. पुढच्या भरतीला माझं वय बसणार नाही, मॅडम. अपिलात पुन्हा तीच कुजबुज, तिथेही नापास झालो की संपलं."

खरं तर अहवाल हातात देऊन त्याला वाटेला लावलं की तिचं काम संपत होतं. पण ती म्हणाली, "दुपारी पेशंट गेले की या. सराव करून घेऊ."

दुपारी रिकाम्या कॉरिडॉरच्या त्या टोकाला तो पाठ करून उभा राहायचा, आणि या टोकावरून ती मनाला येईल ते कुजबुजायची.

"उंदीर."

"उंदीर!"

"चमच्यात पाऊस."

"चमच्यात... पाऊस?"

"विचार करू नका. ऐकलं की बोलायचं!"

प्रेमात पडायला माणसाचा चेहरा लागतो, असं म्हणतात. तिला पाठ पुरली. ताठ मान, बारीक कापलेले केस आणि मधूनच लाल होणारे ते दोन कान. एकदा धीर करून ती कुजबुजली, "खाली चहा घ्यायचा का?"

"खाली चहा घ्यायचा का!" तो खणखणीत ओरडला आणि पुढच्या शब्दाची वाट बघत उभा राहिला.

"अहो, हे खरंच विचारलंय!"

कान पुन्हा लाल. त्यानंतर चहा रोजचाच झाला. ती मात्र मनातल्या मनात जमाखर्च मांडत होती. हा पास झाला तर जाणार, नापास झाला तर खचणार. दोन्हीकडे तोटा तिचाच... तरी ती आणखी हळू कुजबुजायची, त्याचा कान आणखी तयार व्हावा म्हणून.

अपिलाचा दिवस आला, गेला. फोन नाही, निरोप नाही. तिने स्वतःला बजावलं, पेशंट होता, बरा झाला असेल.

आठवड्याने एक बाई तपासणीला आल्या. काचेआड बसल्या, हेडफोन लावला, आणि मुंगीच्या पावलाएवढ्या आवाजालाही अचूक बटण दाबत गेल्या.

"काकू, तुमचे कान तर उत्तम आहेत!" ती माईकवरून म्हणाली.

"ते मला ठाऊक आहे गं," आतून उत्तर आलं. "मी तुला बघायला आलेय. पोरगा पास झाला, सोमवारी निघतोय. म्हटलं, जाण्याआधी तोंड उघड, तर याचं गाडं हलेना. बाहेर उभा आहे बघ."

ती दार उघडंच टाकून बाहेर धावली. तो भिंतीला टेकून उभा होता. आज पहिल्यांदाच न लाजता समोरून बघत होता.

"मॅडम... पास झालो. दोन्ही कानांनी."

"कळलं. आणखी काही?"

"प्रशिक्षण लांबचं आहे. फोनही क्वचितच मिळेल म्हणतात." तो भिंतीपासून सुटून ताठ उभा राहिला. "थांबाल... माझ्यासाठी?"

"थांबेन," ती म्हणाली. "पण 'मॅडम' म्हणणाऱ्यासाठी नाही."

इतक्यात आतून काचेवर टकटक झाली. हेडफोन लावूनच बसलेली त्याची आई हातवारे करकरून विचारत होती, काय म्हणाली रे?