श्वास पुसलेलं गाणं

काम साधंच होतं. गायिकेचं शेवटचं गाणं साफसूफ करून संध्याकाळपर्यंत रेकॉर्ड कंपनीला पाठवायचं. जेवण आटोपून रेकॉर्डिंग सांभाळणारी मुलगी स्टुडिओत शिरली, जड दार लोटलं आणि बाहेरची भर दुपार तिथंच संपली. बिनखिडकीची खोली, कोंदट गालिच्याचा वास, संगणकाच्या पडद्याचा निळसर उजेड.

गायिका गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेली होती. स्वतःच लिहायची, स्वतःच गायची. एक गिटार, एक आवाज, बस्स. एक ओळ म्हणायची आणि थांबायची. इतकी, की वाटावं आता ही परत येत नाही. मग अंधारात दाराशी कुणी उभं असावं तसा एक ओढलेला श्वास यायचा, आणि पुढची ओळ. कॉलेजपासून ही मुलगी त्या श्वासांवर जीव टाकत आली होती.

स्टुडिओच्या मालकांना, म्हणजे काकांना, नेमकी त्या श्वासांचीच अडचण.

"श्वास सगळे काढ. दम्याची पेशंट गातेय असं वाटतं."

"काका, तिच्या गाण्यात दुसरं आहे काय? आवाज आणि शांतता."

"शांतता लोकांना घरी फुकट मिळते."

"तुमच्या घरच्यांना विचारा एकदा."

"जीभ आवर. सरक तिकडे."

काकांनी एक कळ दाबली, सगळे श्वास एका फटक्यात पुसले, आणि ती ओरडेपर्यंत मूळ रेकॉर्डिंगवरच सेव्ह केलंसुद्धा. त्यांची जुनी खोड. आधी कॉपी करा, आधी कॉपी करा, असं सांगून तिचा घसा सुकला होता.

"जगात दुसरीकडे कुठेच नव्हते ते, काका."

"बरं झालं. लाव आता."

गाणं सुरू झालं. पहिली ओळ. मग शांतता, विहिरीसारखी खोल. आणि जिथं श्वास असायचा नेमका तिथंच श्वास आला. बारीक, ओढलेला, बाईचा.

काकांच्या तोंडातून.

"चेष्टा पुरे हं, काका..."

काकांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. डोळे वटारलेले. ओळ सरली, शांतता लांबत गेली, त्यांची छाती हलेना. पुढच्या ओळीआधी ती एकदाच भरली. घाबरून तिनं गाणं बंद केलं, तसा काकांचा श्वास पुरताच थांबला. ओठ काळेनिळे पडले. बोलायला हवाच नव्हती. बोट पडद्याकडे... चालू कर... चालू कर.

तिनं गाणं पुन्हा सुरू केलं. काकांना श्वास मिळाला.

पण शेवटच्या ओळीआधीची शांतता सगळ्यात लांब. तिची सर्वांत आवडती. त्यातून काका वाचणार नव्हते, आणि त्यानंतर तर गाणंच नव्हतं.

तिनं माइक ओढला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. प्रत्येक रिकाम्या जागी ती श्वास घेत गेली, गायिकेसारखाच. जागा तिला पाठ होत्या. ती शेवटची शांतता आली. आयुष्यभर जिच्यासाठी भांडली, ती तिनं स्वतःच्या श्वासानं मधेच फोडली. मूळ रेकॉर्डिंगवरच सेव्ह केलं.

काका खुर्चीतून कोसळले आणि खोकू लागले. स्वतःच्या आवाजात.

रुग्णवाहिकेत घालताना ते पुटपुटले, "ते गाणं... पाठवू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्यांचं ऐकलं. सगळी यंत्रं बंद केली, कुलूप लावलं, आणि जिना उतरताना आईला फोन लावला.

"आई, उशीर झाला गं, आता निघ..."

तिची छाती आपोआप भरली. गच्च. आणि तशीच अडकली.

"हॅलो? अगं, बोल ना! आणि तुझ्यामागे गातंय कोण?"

वर कुणी नव्हतं. किल्ली तिच्याच मुठीत होती, आणि गाण्यातले श्वास आता तिचेच होते. उघड्या तोंडानं ती ओळ संपायची वाट बघत उभी राहिली. तिनं फक्त शेवटचीच शांतता तोडली होती. बाकीच्या सगळ्या होत्या तेवढ्याच लांब ठेवल्या होत्या.